टायरच्या खुणेवर पंजा

मंडळी, घरी येऊन घंटा झाला.

आज दोस्तांसंगं झरी जामणीच्या रानात जीप घेऊन गेलतो. चिखलातून, नाल्यातून गाडी काढली अन् मोहाच्या झाडाखाली डबे खाल्ले. आमचा सलीम तिथंच सतरंजीवर घोरत पडला. उठल्यावर म्हणे, "काय रिकामं जंगल आहे बे! एक जनावर नाही दिसलं."

वापस निघायले गाडी वळवली, तं चिखलात आमच्याच टायरच्या खुणेवर वाघाचे ताजे पंजे!

ते आमच्या मागंमागं येऊन सलीमच्या उशाकडच्या झुडपात शिरले होते. तिथलं गवत दबलेलं होतं, कोणी बसून उठल्यावानी.



तुमीच सांगा, आमचं जेवण होईस्तोर तो वाघ तिथं बसून कोणाले पाहून राह्यला असन?