उस्तादांनी बुजवलेली भिंत

उस्तादांनी भिंत भरली की कुठे भरली हे दुसऱ्या दिवशी त्यांच्याशिवाय कुणाला सापडत नसे, असं ते स्वतःच सांगत. दुसऱ्या कुणी सांगायची त्यांनी कधी वाटच पाहिली नाही. पण गिलाव्यातला हात खरोखर सोन्याचा!

बंड मोडल्यावर तिसऱ्याच दिवशी सरकारने त्यांना पावाच्या दुकानाची गोळ्यांनी भोकं पडलेली भिंत दुरुस्त करायला लावली. बंडवाले काही संत नव्हते. दुकानाच्या गच्चीवर बंदुका घेऊन चढले ते उस्तादांचीच शिडी न विचारता उचलून. पण खाली पावासाठी रांग होती आणि रांगेत उस्तादांचा साडू होता. झुरळ दिसलं तर बायकोला हाक मारणारा माणूस. तो सैन्याची गोळी लागून गेला, आणि सरकारी यादीत 'सशस्त्र बंडखोर' म्हणून लागला. उस्तादांना त्या कामाला नाही म्हणायची सोय नव्हती आणि वाईट काम करायची सवय नव्हती.

वर्षभराने चौकशी आयोग भिंतीपाशी आला. सैन्य गच्चीवरच्यांशी लढलं, की त्या निमित्ताने रांगही झोडपली, हे ठरवायचं होतं.

"सगळ्या गोळ्या वरच गेल्या, साहेब," सैन्याचे वकील म्हणाले. "खाली ओरखडा तरी दिसतोय का?"

न्यायाधीशांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, भिंतीवरून बोटं फिरवली. "वा! काय हात आहे!" त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि उस्ताद भर चौकशीत लाजले.

मग मेहुणीचा चेहरा दिसला आणि त्यांना स्वतःचीच चीड आली. उपाय ठाऊक होता. नवा गिलावा पाणी जास्त पितो, उशिरा वाळतो. पण आपलं ठिगळ आपणच चारचौघांत दाखवायचं?

"अहो, बघताय काय?" बायको कडाडली. "घाला ती चाळीस वर्षांची अब्रू चुलीत आणि उचला बादली!"

उस्तादांनी सहा बादल्या ओतल्या. भिंत उन्हात वाळत गेली, तशी ठिगळं तेवढी ओली उरली. गच्चीजवळ दोन-चार. बाकी सगळी कमरेपासून छातीपर्यंत. न्यायाधीश भिंतीला पाठ लावून उभे राहिले, तर एक बरोब्बर खिशातल्या पेनापाशी आलं. वकिलांनी कागदपत्रं आवरायला घेतली.

"लिहा," न्यायाधीश कारकुनाला म्हणाले. "गच्चीवरच्यांच्या हातात बंदुका होत्या. रांगेतल्यांच्या हातात पिशव्या होत्या. यांच्या साडूंचं नाव त्या यादीतून काढा."

माणसं पांगल्यावर मेहुणी जवळ आली. "भाऊजी, यातलं ह्यांचं कुठलं हो?"

साडू कुठे उभा होता, ते पाववाल्याने उस्तादांना तेव्हाच दाखवलं होतं. दारापासून तिसरं. ते भरताना थापी दोनदा हातातून पडली होती.

"सगळी सारखीच दिसतात गं," ते म्हणाले. "मला नाही कळत."

भिंतीबद्दल असं ते जन्मात पहिल्यांदा बोलले.