ओडेसा मैदानावर चालणार होती

ओडेसा क्रेनशॉ माझी नणंद. जन्मभर शाळेची बस चालवली. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. आमच्या अलाबामातल्या गावात, कॉलेजच्या फुटबॉल संघात लांबून आलेली पोरं घराघरांत वाटून घेतात, रविवारी जेवू घालायला. ओडेसाच्या वाट्याला टेव्हिऑन रड आला. आई वारलेली, बाप परागंदा. पहिल्याच रविवारी अख्खी कोंबडी एकट्यानं संपवली. मी म्हटलं, "अगं, हा तुझं घरदार खाईल." तर म्हणते, "खाऊ दे. इतके दिवस खाणारं होतं कोण इथे?"

पोटच्या पोरासारखं केलं तिनं त्याचं. ताप आला तर उशाशी बसली, परीक्षा आली की त्याच्याबरोबर जागली. शेवटच्या वर्षी संघ एकही सामना हरेना. आमच्या फुटबॉलात चेंडू हातानं फेकतात आणि फेकणारा हाच, त्यामुळे गावभर याचाच उदोउदो.

शेवटच्या वर्षाची पोरं घरच्या मैदानावर शेवटचं खेळतात, त्या दिवशी आधी आईचा हात धरून मैदानाच्या मधोमध चालत जातात. भोंग्यावर दोघांची नावं पुकारतात. टेव्हिऑननं उन्हाळ्यातच सांगून ठेवलेलं, "मिस ओडेसा, माझ्याबरोबर तुम्हीच चालायचं हं." झालं, बाई हवेत. नवी लाल टोपी आणली. गुडघे दुखतात म्हणून चर्चच्या अंगणात चालायचा सराव केला. "व्हर्ना, तिथे अडखळले तर पोराची शोभा होईल गं."

त्या दिवशी ती आयांच्या रांगेत उभी. मी वर बाकावर. भोंगा म्हणाला, "टेव्हिऑन रड, आणि सोबत श्रीमती लोरेन व्हिटकॉम."

गाड्यांच्या दुकानदाराची बायको! पोराचा चेहरा त्यांच्या जाहिरातीत, बुडाखाली गाडी त्यांची. ती त्याच्या हाताला धरून मिरवत चालली. ओडेसा पर्स छातीशी धरून रांगेतच राहिली. मी धावत खाली गेले, म्हटलं, "चल घरी."

"थांब ना," ती म्हणाली, "पोराचा सामना आहे."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढे अंतिम सामनाही जिंकले. त्या रविवारी स्वारी हजर, जसं काही घडलंच नाही. ओडेसानं वाढलं. त्यानं तीनदा घेतलं. मग मीच तोंड उघडलं, "का रे, त्या दिवशी काय झालं होतं?"

"प्रशिक्षक म्हणाले, व्हिटकॉमबाईंना मान द्यावा लागेल," तो मान खाली घालून म्हणाला. "मिस ओडेसांना काय सांगायचं, त्या तर घरच्याच. समजून घेतील."

ओडेसा उठून खरकटी भांडी गोळा करायला लागली.

पोरगं निघालं की आमच्याकडे त्याच्या हातात झाकलेलं ताट देतात, रात्रीसाठी. तो दारात रेंगाळला. ओडेसा हात पुसत आली.

"काही राहिलं का?"

"ताट..."

"व्हिटकॉमबाईंकडे आज काय केलंय, विचार जाऊन," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

गाडी गेल्याचा आवाज आला तशी ती मटकन खुर्चीत बसली. ताट भरून, झाकून ओट्यावर तयारच होतं. "तू ने, व्हर्ना," म्हणाली आणि रडायला लागली. मी ते नेलं आणि जेवले. मला त्याची अजिबात दया आली नाही. तिला मात्र रात्रभर वाटत राहिलं, पोरगं उपाशी झोपलं असेल.