दावं ओलांडल्याचा आरोप

सुभद्राआत्यावर अन्याय झाला तो तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी, माले गावातल्या तिच्या सासरच्या अंगणात. मूल मेलेलं जन्मलं होतं, गळ्याभोवती नाळेचा घट्ट वेढा होता. सासूनं चार बायकांसमोर सांगून टाकलं, “पोटुशी असताना म्हशीचं दावं ओलांडलं हिनं. मग दुसरं काय हुनार?” आत्या तेव्हा एकोणीस वर्षांची होती. गेल्या महिन्यात ती गेली, सत्तरीत. आतेभावाचा फोन आला तेव्हा मी पिरंगुटला पत्रकांचे गठ्ठे बांधत होते...

गरोदर बायकांसाठीची ही पत्रकं मी मारुंजीच्या सोसायट्यांपासून मालेपर्यंत वाटते. नाळेवरचं पत्रक छापून आलं होतं तेव्हा पहिली प्रत आत्याला नेऊन दिली होती. ती ओट्यावर घेवडा सोलत बसली होती. कागदावरून बोट फिरवून म्हणाली, “लई गुळगुळीत गं. चूलबी पेटायची न्हाई ह्यानं.”

“आत्या, वाचायला दिलंय ते!”

“मग वाच की तूच. अक्षर मुंगीयेवढं काढलंयस.”

मी वाचू लागले. पहिल्या दोनेक महिन्यांत नाळ आकार घेते आणि बाळाबरोबर लांबत जाते. तिच्यात तीन रक्तवाहिन्या असतात. एक गर्भाशयाला चिकटलेल्या वारेकडून प्राणवायू आणि पोषण आणते, दोन बाळाचं वापरलेलं रक्त वारेकडे परत नेतात. त्यांच्याभोवती लिबलिबीत गर असतो, थोडाफार दाब आला तरी रक्त वाहतं राहावं म्हणून. बाळ गर्भजलात फिरतं, कोलांट्या घेतं, त्यात नाळ गळ्याभोवती येऊ शकते. पुष्कळ बाळं तशीच धडधाकट जन्मतात. क्वचित ती फार दाबली जाते आणि रक्त अडतं...

आत्याचे हात थांबले होते.

“मंजी बाळच फिरतं?”

“हो. बाळच.”

“आन् दाव्याचं कुटं लिवलंयस?”

“दावं ओलांडलं की नाळ गळ्यात पडते, हे कशाला लिहू? असलं आता कोण मानतं, आत्या!”

“मी मानते,” ती म्हणाली.

केवढा माझा उद्धटपणा! सगळ्या तालुक्याला शहाणं करायला निघालेली मी, आणि माझ्या सख्ख्या आत्यानं पन्नास वर्षं काय गिळलंय याचा मला पत्ता नव्हता. पुढे तिला दोन मुलं झाली, नातवंडं झाली, तरी तो आरोप तिच्यावरून कुणी उतरवला नाही. अंगणातलं सगळं तिनं मला त्या दिवशी सांगितलं, मान खाली घालून. मग विचारलं, “मंजी... मी न्हाई मारलं त्याला?”

“नाही, आत्या.”

तिनं तीनदा विचारलं. मी तीनदा नाही म्हणाले. मग डोळे पुसून ती खेकसलीच, “येवढंच लिवायचं व्हतंस की, बाये! बाकीचं रामायण कशाला?”

तिचे दिवस झाल्यावर मी गोठ्याकडे गेले. दावणीपुढून, म्हशींच्या दाव्यांवरून, पाण्याच्या टाकीपर्यंत चार पावलं आहेत. पण गोठ्याला मागून मोठा वळसा घालून गेलेली एक पायवाट आहे, एकाच माणसाच्या रुंदीची. बादली घेऊन आत्या आयुष्यभर तिथून जायची. मला वाटायचं, तिची सवय. त्या वाटेवर अजून गवत उगवलेलं नाही.

पत्रक मी बदलते आहे, तिचा प्रश्न आणि त्याचं उत्तर सगळ्यांत वर, ठळक अक्षरात. पण तुम्ही त्याची वाट बघू नका. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी जिचं मूल असं गेलं आणि दोष जिच्या माथी मारला गेला, तिच्यासमोर आजच जाऊन बसा. तिला नावानं हाक मारा आणि सांगा, तुझी चूक नव्हती. चार बायकांसमोर सांगा.