योकोहामाला पाठवलेली खिडकी
परवा एका दुकानात जपानी कागदाचा कोरडा, किंचित गोडसर वास आला आणि घाटकोपरच्या शाळेत मी शिकवायचे तो सातवीचा वर्ग डोळ्यांपुढे उभा राहिला. योकोहामा हे मुंबईचे भगिनी शहर. दोन्ही बंदरे, म्हणून हे नाते, एवढे सांगून मी मुलींकडून तिथल्या मुलींसाठी पत्रे लिहून घेतली होती. ती इंग्रजीत उतरवायचे काम माझ्याकडे होते. टेकडीवरच्या वस्तीतल्या एका मुलीने लिहिले होते, 'आमच्या घरामागे दरड आहे. पाऊस वाढला की आई आम्हाला झोपू देत नाही.' मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो बाई, परक्यांना हे काय सांगायचं? बंदराचं घाला काहीतरी." नाही म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. भाषांतरात मी दरड गाळली आणि तिच्या खिडकीतून समुद्र दाखवला. दोन महिन्यांनी तशाच वासाच्या कागदावर तिला आलेले उत्तर मी वर्गात वाचले : तुझ्या खिडकीतून सकाळी समुद्र कसा दिसतो? "काय गं, सी-फेसिंग!" मागून कुणीतरी ओरडले आणि वर्ग हसला. ती उभी राहिली. "बाई, मी तर दरडीचं लिहिलं होतं ना?" मी पुटपुटले, "त्यांना समुद्र आवडतो गं." ती खाली बसली. दुसऱ्या दिवशी तिने नवे पत्र आणून दिले. त्यात पहाटेच्या होड्या होत्या, पाण्यावरचे कोवळे ऊन होते. मला एक शब्दही बदलावा लागला नाही. आजही एखादीचा निबंध फार सुंदर उतरला की तिला शाबासकी देताना माझा आवाज अडखळतो.