भजनी मंडळाची एकोणीस आतडी

किस्से लिहायला मी कधी मुद्दाम बसत नाही, तेच माझ्या वहीत येऊन बसतात. नाहूरच्या आमच्या सोसायटीत दर शनिवारी संध्याकाळी भजन असतं. मी टाळ वाजवतो आणि हजेरी लिहितो. नावांशेजारी कोण काय बोललं तेही लिहीत गेलो, आणि बघता बघता पाच वह्या भरल्या! त्यातली चौथी सगळी पोटाची.

सुरुवात राणेने केली. तो आमचा पखवाजवाला. त्याचा मोठा भाऊ आतड्याच्या कॅन्सरने गेला. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेराव्यानंतर राणे भजनाला आला आणि पखवाजावर थाप मारायच्या आधी म्हणाला, "पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांनी टेस्ट करायची. मी अजून कुणाच्या तेराव्याला येणार नाय!"

मी वहीत एकोणीस नावं लिहिली.

*

शौचाच्या तपासणीसाठी लॅबने छोट्या नळ्या दिल्या. झाकणाला काडी, काडीच्या टोकाला लागेल तेवढा नमुना पुरे. सावंतकाकांना हे पटेना. "एवढ्याशात काय कळणार?" म्हणत ते लॅबमध्ये भरलेला स्टीलचा डबा घेऊन गेले. वर काकूंचं नाव कोरलेलं!

सिस्टर म्हणाली, "काका, नमुना मागितला होता, पार्सल नाही."

डबा घरी परत आला. काकू म्हणाल्या, "माझ्या लग्नातला डबा हा! उद्यापासून तुमचं जेवण ह्यातच!"

*

राणेला भावामुळे डॉक्टरांनी थेट दुर्बिणीची तपासणी सांगितली. त्याआधी पोट साफ करायचं औषध प्यायचं. घरात माणसं पाच, संडास एक. मजल्यावरच्या सगळ्यांनी सकाळपासून दारं उघडी ठेवली, पॅसेजमधल्या चपला उचलल्या. सातव्या फेरीला जोशीकाकूंनी आतून हाक मारली, "राणे, आमचंही मोकळं आहे हं!"

"काकू, बोलायला टाइम नाय!"

रिपोर्ट स्वच्छ आला. मंडळाने पेढे वाटले!

*

मग डॉक्टर स्वतः हॉलमध्ये बोलायला आले. भाज्या खा, चाला, तंबाखू सोडा. मागून कुणीतरी विचारलं, "मटण?"

"कमी करा."

"आणि मासे?"

"मासे चालतील."

अख्ख्या भाषणात टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच!

*

अठरा नावांवर टिक झाली. राहिले गावडे बुवा, आमचे मुख्य गायक. त्यांना कित्येक महिने रक्त जात होतं. बुवांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, हे राणेला रडत सांगितलं. बुवांचं एकच उत्तर, "मूळव्याध आसा, दुसरां काय नाय!"

शनिवारी बुवांनी पेटी ओढली, अभंगाची पहिली ओळ म्हटली. ती आम्ही कोरसने उचलायची. कुणी तोंड उघडलं नाही. बुवांनी परत म्हटली.

"रे, गप कित्या?"

"बुवा, डॉक्टरकडे कधी?" राणेने विचारलं.

बुवांनी तिसऱ्यांदा ओळ घेतली. ती अर्ध्यातच तुटली. "भीती वाटता रे," ते म्हणाले.

"आम्ही येतो ना!"

गेलो. अठराच्या अठरा. काउंटरवरची मुलगी गोंधळली, "पेशंटचे नातेवाईक कोण?"

"आम्ही कोरस!" राणे म्हणाला.

*

दुर्बिणीच्या तपासणीत बुवांच्या आतड्यात दोन गाठी निघाल्या. त्याच वेळी काढल्या, तपासायला पाठवल्या. कॅन्सर नव्हता, राहिल्या असत्या तर पुढे होऊ शकला असता, असं डॉक्टर म्हणाले. एकोणीसपैकी एकोणीस! दुसऱ्या कुठल्या मंडळाने करून दाखवावं!

बुवांनी रिपोर्टमधला रंगीत फोटो फ्रेम करून शोकेसमध्ये भजनस्पर्धेच्या ट्रॉफ्यांशेजारी ठेवला.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीला बघायला बोरिवलीचे पाहुणे आले. मीही होतो. मुलाचे वडील चहा घेत शोकेसपाशी उभे राहिले. "कान्हेरीची लेणी ना ही? आमच्या जवळच, लगेच ओळखली!"

"ह्यां माझां आतडां," बुवा म्हणाले.

पाहुण्यांनी कप खाली ठेवला. वहिनी आत पळाल्या.

"तुमचां वय किती?"

"अठ्ठावन्न."

"टेस्ट केलात?"

"नाही... कसली?"

मुलाच्या आईने घाईघाईने पर्समधून पत्रिका काढून पुढे केली. बुवांनी ती दोन बोटांनी हळूच मागे सरकवली.

"आधी रिपोर्ट घेवन येवा. मगे पत्रिका बघूया!"