रक्षाचं खोटं साक्षगंध

हिंगणीहून वर्ध्याला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली, की रक्षा गेलीच समजा. अंग गाडीत, मन कुठल्या कुठे! कंडक्टरनं पास मागितला तर ही त्याच्याकडे बघून नुसती हसायची. सायबर सिक्युरिटीच्या पदवीचं तिचं दुसरं वर्ष. डोळे मिटले की तिला हिंगणी दिसायची, पण घरांच्या जागी फोन. सगळ्यांची दारं सताड उघडी, पडदे वाऱ्यानं हलताहेत, आणि कुणी अनोळखी माणूस पाय न वाजवता या घरातून त्या घरात हिंडतो आहे. ती त्याच्यामागे धावायची, बोर धरणाच्या पाण्यावरून, कपाशीवरून, अगदी तरंगत. तेवढ्यात स्टँड यायचा.

"या पोट्टीले दुधाजवळ उभं करू नये बाप्पा," असं तिची आई पंचफुलाबाई म्हणे, ते काही उगाच नाही. घरची भाजीची वाडी होती. वांगी, टमाटे, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. वडील पुंडलिकराव मुलखाचे अबोल. पोरगी काय शिकते, असं कुणी विचारलं तर "कम्प्युटर" म्हणून मोकळे होत. पण धाकट्या भावाला, मोतीलालला, त्यांनी एकदा ठणकावलं होतं, की डिग्री होईपर्यंत पोरीच्या लग्नाची गोष्ट काढायची नाही. हा मोतीलाल म्हणजे सोयरीक जुळवल्याशिवाय ज्याला घास उतरत नाही असा माणूस. रक्षाचं सगळं शिक्षण वडिलांच्या त्या एका शब्दावर उभं होतं, आणि काका तो कधी ढळतो याची वाट बघत होता.

तर कॉलेजनं प्रकल्प दिला. लोकांना आधी सांगून, त्यांची परवानगी घेऊन, एक फसवा मेसेज पाठवायचा आणि किती जण फसतात ते बघायचं. रक्षानं बचत गटाच्या बायका गोळा केल्या.

"या महिन्यात मी तुमाले एक खोटा मेसेज पाठवीन. ओळखायचं, दाबायचं नाई."

"हो वं माय, आमी का येड्या हाओ?" गटाच्या अध्यक्ष कौशल्याबाई म्हणाल्या.

लॉटरीच्या मेसेजला त्या आता हसतात. पण लग्नपत्रिकेच्या नावाखाली फोन लुटतात, हे वर्गात शिकवलं होतं. मग एसटीच्या खिडकीत, अर्धवट तंद्रीत, बाईसाहेबांनी लिहून टाकलं: "चि. सौ. कां. रक्षा हिचे साक्षगंध, रविवारी सकाळी, राहत्या घरी. पत्रिकेसाठी येथे दाबा." खोट्या साखरपुड्यात दुसरीचं नाव कशाला बदनाम करा, म्हणून स्वतःचं घातलं. वा रे शहाणपण! दाबलं की पान उघडायचं, "हे खोटं होतं, सावध राहा."

सगळ्यांनी दाबलं. एकजात सगळ्यांनी. रक्षाला प्रकल्प सोन्यासारखा झाला असं वाटलं.

आणि रविवारी सकाळी त्याच बायकांनी अंगण भरलं. ठेवणीतल्या साड्या, हातात नारळ, ब्लाऊजपीस. पुंडलिकराव बनियनवर वांग्यांना पाणी देत होते, ते तसेच पुढे आले.

"अवं मावशी, खोटं हाय म्हणून लिहिलं होतं ना!" रक्षा कळवळली.

"वाचलं ना," कौशल्याबाई म्हणाल्या. "पण खोटं समजून नाई आलो अन् खरं निघालं तं? तुही माय जनमभर बोलंन का आमच्यासंग?"

आमच्याकडे माणूस फसलेला चालतो, निमंत्रण चुकवलेलं चालत नाही. पंचफुलाबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्याच हातानं चहाचं आधण ठेवलं.

मोतीलालकाका मात्र फुलला. "दादा, देवानंच जमवून आणलं. सेलूचा पोरगा माह्या नजरेत हाय. फोन करतो, दुपारपर्यंत येतेत ते लोक. नाई तं साक्षगंध मोडलं म्हनतीन. मंग पोरीले कोण विचारते?"

काकानं फोन काढलासुद्धा. चारचौघांच्या बोलण्याला बाबा किती भितात, हे रक्षाला ठाऊक होतं. ती काकाच्या आडवी आली.

"मी खोटं लिहिलं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "परीक्षेसाठी. चूक माही हाय, माह्या बाबाची नाई."

पुंडलिकरावांनी चिखलाचे हात पुसले.

"मोत्या, आपली वाडी जंगलाच्या काठाले. डुकरं येतेत म्हणून आपण जागल करतो. पीक उभं असताना जागल्या मचाणावरून उतरून जाते का?"

"त्याचं इथं काय, दादा?"

"माही पोरगी गावच्या फोनाची जागल शिकून राह्यली. कुंपण कुठं कुठं मोडलं, थे तिनं आज दाखवलं. तिचं पीक घरी येऊ दे. तवर तुहा फोन खिशात ठेव."

काकानं फोन खिशात ठेवला. रक्षा बापाकडे बघतच राहिली. कधी विचारलं नव्हतं या माणसानं, आणि सगळं कळत होतं! गळ्यात पडावंसं वाटलं तिला, पण आमच्याकडे तसं पडत नाहीत. तिनं फक्त त्यांचा चहा सगळ्यांच्या आधी नेऊन दिला.

मग कौशल्याबाईंनी कमरेचा फोन काढून तिच्या हातात दिला. "कुठं मोडलं, दाखव बरं," म्हणाल्या. मागोमाग बाकीच्या बायका नारळ बाजूला ठेवून सरकून बसल्या. रक्षाचे डोळे भरून आले होते, अक्षरं दिसत नव्हती, तरी ती अंगणातच मांडी घालून बसली.