माफीचा खोका

तोक्योतल्या त्या प्रकाशन कंपनीत तोमिए कुवाबाराचं अर्धं आयुष्य गेलं, पण कायमची नोकरी काही नशिबी आली नाही. दर वसंतात करार नवा व्हायचा, आणि तो व्हावा म्हणून वर्षभर तोंड मिटून राहायचं. डोंगर भटकणाऱ्यांच्या मासिकाची पानं ती लावायची.

शरदाच्या विशेषांकात रानातल्या अळंबीचं पान होतं. छपाईला जाता जाता ते विभागप्रमुख इवाशितांना फिकं वाटलं. त्यांनी खाण्याच्या अळंबीचा फोटो काढून दुसराच देखणा फोटो बसवला. जाणकाराला एकदा दाखवू या, हे तोमिएच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण साहेबांनी चंद्र चौकोनी म्हटला की आपण कोपरे मोजायचे, ही तिथली रीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनेही.

तो फोटो विषारी अळंबीचा निघाला. नागानोच्या मुराकोशी आजोबांनी मासिक हातात धरून तीच अळंबी खुडली, रांधली. स्वतः जेमतेम चाखली; बायको मात्र अंथरुणाला खिळली ती कायमची.

आता मुराकोशींच्या घरी जाऊन माफी मागणं आलं, आणि सोबत योकान. ही गोड वडी विटेसारखी वजनदार असते. गुन्हा जेवढा मोठा, तेवढा खोका जड न्यायचा. खोका अर्थात तोमिएने उचलला. गाडीत इवाशिता खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कुवाबारासान, चूक तुमच्या हातून झाली असं म्हणा. कराराचं मी बघतो."

चटईला कपाळ टेकवून तिने ते म्हटलं. इवाशिता तर तिच्याहूनही खाली वाकले. हाताखालच्या माणसाची चूक पदरात घेणारा केवढा हा थोर साहेब!

वसंतात करार झाला नाही. जिने स्वतःच्या तोंडाने चूक कबूल केली, तिला ठेवायची कशी, असं कंपनीचं म्हणणं. निरोपाला फुलं मात्र दिली.

तोमिए एकटीच नागानोला गेली, रिकाम्या हातांनी. उंबऱ्याबाहेर उभं राहून खरं काय ते सगळं सांगितलं. म्हातारा निदान आपली कीव तरी करील, असं तिला वाटलं होतं.

"तुझ्या साहेबानं तुला वापरून फेकली, मान्य," तो म्हणाला. "पण फोटो बदलला तेव्हा तू तिथंच होतीस ना?"

"होते, आजोबा."

"मग तेव्हा तोंडाला काय टाके घातले होते?"

आतून बायकोने पाणी मागितलं. दार उघडंच टाकून तो आत गेला. तोमिए उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.